भिशीतला शेवटचा नंबर

कंपनी आजारी पडली की बहीगाबाई तिला भेटायला जायच्या, आणि जाताना दोन किलो संत्री घेऊन जायच्या. यात हसण्यासारखं काही आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. माणूस आजारी असला तर आपण रिकाम्या हातानं जातो का? मग कारखान्यानं काय पाप केलंय? मनशियाच्या चौकातल्या शेअर दलालाच्या ऑफिसात मात्र त्यांचं नाव ‘हकीमीणबाई’ पडलं होतं. त्या दारातून आत आल्या की कोणीतरी हमखास विचारायचं, “काय हकीमीणबाई, आज कोणाची नाडी बघून आलात?”

“तुमची बघायला आले होते,” बाई म्हणायच्या, “पण तुम्ही तर खुर्चीतच गार पडलायत.”

अलेक्झांड्रियातल्या एका मुलींच्या शाळेत मी भूगोल शिकवायचो आणि त्या गृहविज्ञान. बुटक्या, अंगानं भरलेल्या, चालताना थोड्या डावीकडे झुकणाऱ्या. मुलींनी केलेलं सार चाखून त्या कधी काही बोलायच्या नाहीत. चांगलं झालं असेल तर चमचा ताटलीच्या उजवीकडे ठेवायच्या, बिघडलं असेल तर डावीकडे. चमचा कुठे जातो याकडे मुली श्वास रोखून बघायच्या. लग्न त्यांनी केलं नव्हतं. का केलं नाही हे विचारण्याची आमच्यापैकी कोणाची छाती झाली नाही, आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही.

पण शाळेत त्यांची खरी सत्ता होती ती भिशीमुळे. मुख्याध्यापिकेपासून कॅन्टीनवाल्यापर्यंत सगळे त्यांच्या भिशीत. आमच्याकडे भिशीत चिठ्ठ्या काढत नाहीत. कोणाला कितवा नंबर हे सुरुवातीलाच बसून ठरवतात, आणि ते ठरवणं ही भिशीवालीची कसोटी. कोणाच्या मुलीचं लग्न वसंतात आहे, कोणाच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन रखडलंय, हे सगळं तिच्या डोक्यात असावं लागतं. बाई म्हणायच्या, “पहिला नंबर मागणारी माणसं दोन प्रकारची. एक गरजू, दुसरी घाबरट. गरजूला द्यायचा. घाबरटालाही द्यायचा, पण ओळखून.”

दुसऱ्या प्रकारात त्यांचा धाकटा भाऊ मुख्तार पहिला. काफ्र अल-दव्वारच्या शेतकी सोसायटीत तो कारकून होता. शाळेचा कोणी नसूनही बहिणीच्या भिशीत दरवर्षी पैसे घालायचा आणि दरवर्षी एकच वाक्य म्हणायचा, “आपा, मला पहिला. जगाचा काय भरवसा?”

“घे बाबा,” बाई म्हणायच्या. “जग बुडालं तर तू तरी कोरडा राहा.”

बाई निवृत्त झाल्या त्याच्या आदल्या हिवाळ्यात त्यांची आई गेली. इब्राहिमियातलं तिसऱ्या मजल्यावरचं, ट्रामच्या रुळांकडे तोंड असलेलं ते घर वडिलांच्या नावावर होतं. कायद्यानं त्यात मुख्तारचे दोन वाटे आणि बाईंचा एक. मुख्तार वाईट माणूस नव्हता. बहिणीवर त्याची माया होती, पण ती त्याच्या कबुतरांवर होती तशीच: दाणे भरपूर, दार बंद.

“आपा, एकटी बाई तिसऱ्या मजल्यावर काय करणार? घर विकू. माझ्या गच्चीवर तुला छानशी खोली बांधतो. तुझेच पैसे, तुझीच खोली. सकाळी खिडकी उघडलीस की कबुतरं.”

“मला खिडकीतून ट्राम दिसते ती पुरे आहे.”

“ट्राम काय बोलते तुझ्याशी?”

“नाही बोलत, म्हणूनच बरं आहे.”

शेवटी दोघांत ठरलं. मुख्तार तिसऱ्या बकरी ईदपर्यंत थांबेल. तोवर बाईंनी त्याचे दोन वाटे विकत घेतले तर घर त्यांचं. नाही घेतले तर घर विकायचं, आणि बाईंनी काफ्र अल-दव्वारच्या गच्चीवर जायचं. हा करार त्यांनी माझ्यादेखत केला, चहा पिता पिता, हसत हसत. पण मुख्तार गेल्यावर बाई बराच वेळ खिडकीत उभ्या राहिल्या. निवृत्तीचे जे पैसे हातात आले होते त्यांत मुख्तारचा एक वाटा जेमतेम निघाला असता. बँकेच्या व्याजावर दुसरा निघायला त्यांना दुसरा जन्म घ्यावा लागला असता.

म्हणून शेअर. आणि तेही आजारी कंपन्यांचेच का, असं मी विचारलं तेव्हा त्या मला फत्त्याबद्दल सांगू लागल्या.

“उस्ताज फिक्री, फत्ता कशाचा करतात?”

“शिळ्या भाकरीचा.”

“ताज्या भाकरीचा लगदा होतो, आणि ती महागही पडते. शिळी स्वस्त. रस्सा ओतला की तीच फुगते. पण बुरशीची भाकरी घेतली तर अख्खं घर आजारी पडतं. शिळी कोणती आणि बुरशीची कोणती, एवढं ओळखता आलं की झालं.”

एवढंच ओळखता आलं की झालं! पहिल्याच भाकरीला बुरशी निघाली.

सियूफकडे मोज्यांची एक कंपनी होती. शेअर मातीमोल झालेला. आमच्या मनशियाच्या पेढीवरचे दलाल उस्ताज विसा, चष्मा कपाळावर चढवून बसणारे, जरा भित्रे पण मनानं निर्मळ गृहस्थ, त्यांनी हात जोडले. “बाई, त्यांचे मोजे मी घातलेत. सकाळी पोटरीला असतात, दुपारी टाचेला.”

बाई संत्री घेऊन कारखान्याच्या दारात गेल्या. मलाही नेलं, संत्री धरायला. द्वारपालाला विचारलं, “कशी काय आहे कंपनी?”

“मोगऱ्यासारखी, बाई!” तो म्हणाला. “फुलासारखी टवटवीत!”

आत एका कारकुनानं चहा पाजला आणि सांगितलं की अवघड काळ सरला, देवाची कृपा. बाईंनी पुंजीचा पाचवा हिस्सा त्या मोज्यांत घातला. हिवाळा संपायच्या आत कंपनीला कुलूप लागलं. मुख्तारनं फोन केला. “आपा, निदान एखादी जोडी तरी पाठवली का त्यांनी?”

बाईंनी फोन ठेवून दिला. त्या आठवड्यात त्या पेढीवरही आल्या नाहीत.

काही दिवसांनी स्टेशनजवळ भाजलेल्या रताळ्यांच्या गाडीशी आम्ही थांबलो, तर गाडीवाला तोच द्वारपाल. बाईंना बघून त्यानं नजर चुकवली, मग स्वतःहूनच सर्वांत मोठं रताळं कागदात बांधून पुढे केलं.

“तुम्ही मोगरा म्हणाला होतात,” बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, नुसतीच विचारपूस.

“म्हणालो होतो. पण बाई, तुम्ही संत्री घेऊन आला होतात. आजाऱ्याच्या दारात संत्री घेऊन आलेल्या माणसाला कोणी सांगतं का, की घरघर लागलीय म्हणून? देवाला आवडेल का ते?”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं.”

“सगळ्यांनाच माहीत होतं. आमची भिशी रमजानच्या आधीच मोडली होती. पुढच्या महिन्यात पगार होईल की नाही हेच कळेना, मग पौंड टाकणार कोण? जो तो म्हणे, पहिला नंबर मला द्या, नाहीतर मी नाही.”

रताळं कागदातून बाईंच्या हाताला चटके देत होतं, पण त्यांचं लक्ष नव्हतं. मीच ते त्यांच्या हातातून घेतलं.

“उस्ताज फिक्री,” त्या हळूच म्हणाल्या, “बावीस वर्षं मी भिशी चालवली. माणसं कशावर विश्वास ठेवतात आणि कशावर नाही हे मला नंबरावरून कळतं. आणि मी दारात जाऊन तब्येत विचारत बसले!”

आमच्या गावात आजाऱ्याच्या उशाशी कोणी खरं बोलत नाही, आणि हे बाईंना लहानपणापासून ठाऊक होतं. आपली आई शेवटच्या महिन्यात होती तेव्हा त्या स्वतः येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘मोगऱ्यासारखी आहे’ असंच सांगत होत्या. दुसऱ्याच्या दारात मात्र ते ध्यानात राहिलं नाही.

त्यानंतर बाईंनी पाच-सहा कारखान्यांची दारं पालथी घातली आणि एकाचाही शेअर घेतला नाही. संत्री मात्र सगळीकडे दिली. विसा म्हणाले, “बाई, तुमच्यामुळे संत्र्यांचे भाव वाढायचे.”

मग आली भांड्यांची कंपनी. महमूदिया कालव्याच्या काठी तिची तीन धुराडी होती. पांढरं एनॅमल आणि कडेला निळी रेघ, अशी तिची भांडी आमच्या प्रत्येकाच्या आईच्या स्वयंपाकघरात होती. पण परदेशी स्टील आणि न चिकटणारे तवे आले, नव्या नवऱ्या निळ्या रेघेकडे बघेनात, आणि कंपनी कर्जात रुतली. तिचा एक शेअर चहाच्या पेल्याहून स्वस्त झाला होता.

दारावर दसूकीचाचा म्हणून द्वारपाल होते. पांढऱ्या मिशा, गळ्याभोवती लोकरीचा मफलर, उन्हाळ्यातही. संत्री घेऊन म्हणाले, “देव तुमचं भलं करो. कंपनी ना? मोगऱ्यासार—”

“मोगरा असू द्या,” बाई म्हणाल्या. “तुमच्या कामगारांत भिशी आहे का?”

चाचांनी मफलर सावरला. “का? तुम्ही करखात्याच्या आहात का?”

“नाही. मी भिशीवाली आहे.”

चाचांचा चेहरा एकदम बदलला. त्यांनी आतून आपलं स्टूल आणून बाईंना दिलं आणि स्वतः उकिडवे बसले. भट्टी खात्याची भिशी तेच चालवत होते. पुढचा अर्धा तास मला कोणी विचारलं नाही. दोन भिशीवाले एकमेकांना भेटले म्हणजे दोन सासवा भेटल्यासारखं असतं, तक्रारींना अंत नाही. फसवणारे, रडणारे, ऐन वेळी आजी मारणारे. “आणि आता तर विचारूच नका,” चाचा म्हणाले. “पूर्वी वर्षाची भिशी असायची, आता तीन महिन्यांची. सगळ्यांना पहिला नंबर हवा. काड्या ओढाव्या लागल्या. त्यावरून भट्टीवाला हिलाल आणि पॅकिंगवाला गाबर एकमेकांना सलामसुद्धा करत नाहीत.”

बाई उठल्या. “लवकर आराम पडो,” असं कारखान्याकडे बघून म्हणाल्या आणि निघाल्या. शेअर घेतला नाही.

पण दर महिन्याला जात राहिल्या. त्या वर्षी सरकारनं पौंड मोकळा सोडला होता. डॉलर चढला आणि त्याच्याबरोबर परदेशी तवेही महागले. भांड्यांच्या कंपनीत बँकेनं एक नवा इंजिनियर बसवला. दसूकीचाचा त्याच्या नावानं बोटं मोडायचे. “आल्या आल्या साहेबलोकांचे अगमीच्या समुद्रावरचे बंगले विकले. गावातलं मोठं दुकान विकलं. पूर्वी आम्ही साठ प्रकारची भांडी करायचो, आता म्हणे सात. चहादाणीसुद्धा बंद! चहादाणीशिवाय एनॅमल म्हणजे काय?” बाई मान हलवायच्या, अरेरे म्हणायच्या, आणि निघताना एकच प्रश्न विचारायच्या. भिशी तीन महिन्यांची सहा महिन्यांची झाली. बाईंनी अजून काही घेतलं नाही.

खजूर उतरायच्या दिवसांत एकदा गेलो, तर चाचा म्हणाले, “यंदा वर्षाची भिशी बांधली. बारा जण.”

“आणि शेवटचा नंबर? काड्या ओढल्या?”

“नाही. हिलालनं मागून घेतला.”

“मागून?”

“मागून. त्याच्या पोराचं लग्न ठरलंय. मी म्हटलं, अरे तुला चौथा देतो. तर म्हणे, राहू द्या, लग्न पुढच्या वर्षी करू. एकदम शेवटी हातात आले म्हणजे भिंती रंगवून होतील.”

बाईंनी हेच तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारून घेतलं. परतीच्या ट्राममधून उतरताना म्हणाल्या, “जो माणूस रोज त्या भट्टीसमोर उभा राहतो, तो म्हणतोय की वर्षभरानंतरही इथे पगार होत असेल. उद्या मनशियाला जायचं.”

चमचा उजवीकडे गेला होता.

विसांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. “मोजे फाटले, बाई. आता भांडी फुटायची.” पण घेतले. बाईंनी उरलेल्या पुंजीचा निम्मा भाग घातला. पुढच्या दोन महिन्यांत शेअर आणखी खाली गेला. ऑफिसातले लोक म्हणू लागले, हकीमीणबाई, आता मरणाऱ्याच्या उशाशी म्हणतात तो यासीन म्हणायला पाठवा कोणालातरी. बाई येऊन बसायच्या, फलकाकडे बघायच्या, पर्समधून भाजलेल्या बिया काढून खायच्या आणि सालं नीट कागदात गुंडाळून घरी न्यायच्या.

मग ऐन हिवाळ्यात, समुद्र कॉर्निशच्या रस्त्यावर येऊन आदळत होता त्या आठवड्यात, बातमी पसरली की भांड्यांच्या कंपनीची तिन्ही धुराडी थंड पडली. कोणी म्हणे टाळं लागलं, कोणी म्हणे यंत्रं भंगारात चाललीत. पेढीवर जो तो विकायला धावला. नेमका त्याच दिवशी मुख्तार दारात उभा. एका हातात दोरीनं बांधलेलं बदक, दुसऱ्या हातात छत्री.

“आपा, दुसरी ईद झाली,” तो म्हणाला. त्याचा आवाज खरंच कळवळलेला होता. “काय उरलंय ते वाचव. मी खोलीच्या विटा आणून ठेवल्यात.”

“वाचवते,” बाई म्हणाल्या. “आधी भेटून तर येऊ.”

आम्ही तिघं पावसात कालव्याकडे गेलो. बदकासकट. धुराड्यांतून खरंच धूर नव्हता. फाटक बंद. भिंतीवरून पाणी ओघळत होतं आणि आतून कसलाही आवाज येत नव्हता. मुख्तार म्हणाला, “बघ. मयताचं घर.”

मीही मनातून खचलो होतो. बाईंनी फाटकाच्या बाजूची छोटी खिडकी ठोठावली. दार उघडलं तर दसूकीचाचांच्या खोलीत सात-आठ माणसं दाटीवाटीनं उभी, भिजलेली, विड्या ओढणारी, आणि चाचांच्या मांडीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा. एकेक जण पुढे येऊन डब्यात पैसे टाकत होता.

“आज काय आहे?” बाईंनी विचारलं.

“आज काय असणार? भिशीचा दिवस.”

“भट्ट्या तर बंद आहेत.”

“नव्या विटा बसवतायत आतून. जुन्या झडल्या होत्या, अर्धं जळण वाया जायचं. महिनाभर भट्टी खात्याला सुट्टी.” चाचा हसले. “सुट्टी म्हणून भिशी चुकते होय? हा हिलाल तर हद्रावरून चालत आलाय, ट्राम बंद म्हणून.”

मुख्तार छत्री झटकत म्हणाला, “विटा! विटा तर थडग्यालासुद्धा लागतात.”

बदकानं तेवढ्यात क्वॅक केलं, पण कोणी हसलं नाही. चाचांनी डब्याचं झाकण लावलं. “भाऊसाहेब, तुम्ही पाहुणे, म्हणून बोलत नाही. पण बाई, तुम्ही वर्षभर येताय. आमच्यावर भरवसा असेल तर हे घ्या: पॅकिंगवाला गाबर कुवेतला गेला. त्याची पाचव्या नंबरची जागा रिकामी आहे. या आमच्यात.”

सगळ्यांचे डोळे बाईंवर. बाईंनी ओळीनं प्रत्येकाच्या हातांकडे बघितलं. त्यांची ती सवयच होती. मग भिंतीला टेकून उभ्या असलेल्या, भुवया भट्टीच्या आचेनं विरळ झालेल्या उंच माणसाला विचारलं, “हिलाल तुम्हीच ना? मुलाचं लग्न कधी धरलंय?”

“बघू, बाई. पुढच्या वर्षी.”

“मुलीकडचे थांबायला तयार आहेत?”

हिलालनं पायाकडे बघितलं. “कुरकुरतात.”

“मग पाचवा नंबर हिलालला द्या, चाचा. लग्न वसंतात होऊ दे. गाबरचे राहिलेले हप्ते मी भरते. मला शेवटचा द्या.”

मुख्तारच्या हातातली दोरी सुटायचीच बाकी होती. “आपा! अनोळखी माणसांच्या भिशीत? बंद कारखान्यात? आणि शेवटचा?”

“अनोळखी कुठे? वर्षभर संत्री खातायत माझी.”

आता मात्र सगळे हसले. हिलालनं पुढे होऊन बाईंसाठी स्टूल पुसलं, आपल्या टोपीनं. कोणीतरी चहा आणला, इतका काळा आणि इतका गोड की चमचा उभा राहावा. मुख्तारनंही घेतला, कुरकुरत.

दुसऱ्या दिवशी बाईंनी उरलेली निम्मी पुंजीही त्याच शेअरमध्ये घातली. अख्खी पेढी विकत होती आणि एकट्या बाई घेत होत्या. विसांनी छातीवर क्रूस काढला. “कुमारी मरियम, या बाईला सांभाळ. आणि मलाही, कारण खरेदी माझ्या हातून होतेय.”

त्या काळात मी त्यांना एकदाच विचारलं, भीती नाही वाटत? त्या म्हणाल्या, “वाटते ना. रोज सकाळी खिडकी उघडते तेव्हा वाटतं, ट्रामच्या जागी कबुतरं दिसली तर?”

भट्ट्या पुन्हा पेटल्या तो दिवस मला आठवतो, कारण चाचांनी शाळेच्या जुन्या नंबरावर फोन करून, तिथून माझ्या घरचा नंबर मिळवून, मला दुपारच्या झोपेतून उठवून सांगितलं, “बाईंना सांगा, धूर!” वसंतात हिलालच्या मुलाचं लग्न झालं. आम्ही गेलो होतो. नवरीच्या रुखवतात न चिकटणारा तवा एकही नव्हता, त्यांचे भाव दुप्पट झाले होते. होतं ते सगळं पांढरं, निळ्या रेघेचं. आणि फक्त तिच्याच नाही. त्या हंगामात अत्तारीन बाजारातल्या दुकानांपुढे निळ्या रेघेच्या पातेल्यांच्या उतरंडी लागल्या होत्या. सातच प्रकार, पण मागणी पुरी होईना. उन्हाळ्यात कंपनीचा हिशेब जाहीर झाला. बँकेचं कर्ज निम्म्याहून कमी झालं होतं, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा नफा झाला होता.

त्या सकाळी पेढीवर पाय ठेवायला जागा नव्हती. फलकावर भांड्यांच्या कंपनीचं नाव हिरवं झालेलं, आणि आकडा हलला की लोक ओरडायचे. ज्यांनी हिवाळ्यात विकले होते तेच आता घ्यायला धडपडत होते. उस्ताज विसा, आयुष्यात कधी आवाज न चढवणारे, चहाच्या टेबलावर उभे राहिले होते. “बाई! चहाचा पेला होता, आता त्यात अख्खं जेवण येतं! सांगा, काय करू?”

बाईंनी पर्समधून एक घडी घातलेला कागद काढला. मुख्तारच्या दोन वाट्यांची रक्कम. “एवढ्याचे विका. बाकीचे राहू देत.”

“अजून चढेल, बाई!”

“चढू दे. मला घर हवंय, दीपस्तंभ नकोय.”

विसांनी विकले. कागदावर शिक्का मारला आणि तो बाईंच्या हातात दिला. बाईंनी तो वाचला. पुन्हा वाचला. मग मान मागे टाकली आणि, एवढ्या पुरुषांच्या गर्दीत, जीभ हलवून, लग्नात बायका काढतात ती आनंदाची किलकारी, झग्रूता, अशी काही लांबलचक काढली की लग्नाच्या मांडवातही मी तशी ऐकली नाही. शाळेतल्या कुठल्याच लग्नात त्यांनी ती काढली नव्हती. मुली आग्रह करायच्या, तेव्हा म्हणायच्या, माझ्या घरचं कार्य असेल तेव्हा. खाली चौकातला सरबतवाला मान वर करून बघू लागला. मग टाळ्या सुरू झाल्या, आणि कोपऱ्यातून नेहमीचा आवाज आला, “हकीमीणबाई, आम्हालाही एखादी आजारी दाखवा हो!”

“आधी संत्री घेऊन या,” बाई म्हणाल्या.

भिशीतला शेवटचा नंबर आला तेव्हा दसूकीचाचा तो पत्र्याचा डबा घेऊन स्वतः इब्राहिमियाला आले. सोबत हिलाल. त्याच्या खांद्यावर एनॅमलचं एवढं मोठं पातेलं होतं की जिन्याच्या वळणावर अडकलं. आणि पातेल्यात, कापडात गुंडाळलेली, एक चहादाणी. “इंजिनियरसाहेबांना मनवलं,” चाचा छाती काढून म्हणाले. “आता आठ प्रकार.”

तिसऱ्या बकरी ईदच्या आठवडाभर आधी मुख्तारनं नोंदणी कचेरीत सही केली. मी साक्षीदार होतो. तिथून तो बहिणीकडे जेवायला आला. वाटेत फळवाल्याकडे थांबला आणि दोन किलो संत्री घेतली.

बाईंनी दार उघडलं. “हे काय? कोण आजारी आहे?”

“पाहुण्यानं रिकाम्या हातानं यायचं का?” मुख्तार म्हणाला. “आता मी पाहुणा.”

बाईंनी पिशवी घेतली आणि त्याच्या गालावर चापट मारली. त्या मोठ्या पातेल्यात मुलुखियाची पातळ पालेभाजी शिजत होती. लसणाची फोडणी ओतताना बाईंनी या भाजीच्या रीतीप्रमाणे मोठ्यानं श्वास ओढला, तो खाली ट्रामच्या थांब्यापर्यंत गेला असेल. आम्ही भरपूर जेवलो. मुख्तारनं तीनदा भात घेतला. मग तो खिडकीशी जाऊन बसला आणि एक संत्रं सोलू लागला. सोलण्यात त्याचं फार लक्ष होतं असं नाही, पण त्यानं साल अख्खी, एका तुकड्यात काढली.

“आपा,” तो बाहेर बघत म्हणाला, “नवी भिशी बांधतेयस म्हणे.”

“हो. आमच्या निवृत्त बायका, भट्टी खात्याचे चौघं, उस्ताज फिक्री, विसासुद्धा. तुझा पहिला नंबर ठेवलाय.”

मुख्तारनं संत्र्याची एक फोड तोंडात टाकली. चावली. “यंदा राहू दे. यंदा मला शेवटचा दे.”

बाई ताटं उचलत होत्या. त्या थांबल्या नाहीत, पण माझ्याकडे त्यांनी जे बघितलं ते मी अजून विसरलो नाही.

“शेवटचा गेला.”

“गेला? कोणाला?”

“हिलालला. त्याच्या आधीचा विसांना. शेवटच्या नंबरासाठी भांडणं झाली, मुख्तार. काड्या ओढाव्या लागल्या.”

“मग सख्ख्या भावाला काही वशिला?”

“नववा आहे. हवा तर घे, नाहीतर उस्ताज फिक्रींचा डोळा आहे त्यावर.”

“घेतला,” मुख्तार घाईघाईनं म्हणाला, आणि उरलेलं निम्मं संत्रं माझ्यापुढे केलं, मी वाद घालू नये म्हणून.